हिमवर्षावाच्या दिवसांतील विणकाम आणि बाळाची पूर्वतयारी

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, विशेषतः टोरोंटो शहर व त्याच्या आसमंतातील मिसिसागा, ब्रॅम्प्टन यांसारख्या नगरांत, नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी पहिल्या अपत्याचे आगमन ऐन हिवाळ्यात व्हावयाचे असते, त्यांना आपल्याकडील कोणत्याही बाळंतपणाच्या अनुभवातून सहसा न सुचणाऱ्या काही गोष्टींची तजवीज आधीपासून करून ठेवावी लागते. माहेर सातासमुद्रांपलीकडे, दाराबाहेर गुडघाभर बर्फ, डिसेंबरात दुपारी पावणेपाचच्या सुमारासच मावळणारा सूर्य, आणि वादळाचा इशारा निघाला की सबंध दिवस घरातच काढण्याचा प्रसंग, अशा परिस्थितीत गर्भवतीचे मन उदास होणे स्वाभाविक आहे. परंतु हेच दिवस हाताशी लोकर व सुया घेऊन शांतपणे बसण्यास, आणि बसल्या बसल्या घराच्या व्यवस्थेचा नीट विचार करण्यास, अतिशय अनुकूल असतात, असे आमचे मत आहे. आणि त्या दृष्टीने काय विणावे, कसे विणावे व विणलेले कोठे वापरू नये, हे या लेखात सांगावयाचे योजिले आहे.

आरंभीच एका समजुतीचे निराकरण करणे अवश्य आहे. थंडीचा देश म्हटला की आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांसमोर जाडजूड लोकरीत नखशिखान्त गुंडाळलेले बाळ उभे राहते, आणि मुंबई-पुण्याहून निघतानाच आजीबाईंच्या सामानात तीन-चार भरभक्कम स्वेटर, कानटोप्या व पायमोजे यांची भर पडते. वस्तुस्थिती अशी की, त्या देशातील घरे कडाक्याच्या थंडीतही आतून वीस-बावीस अंश सेल्सिअसपर्यंत उबदार राखलेली असतात, म्हणजे महाबळेश्वरच्या हिवाळ्यातील आपल्या घरांपेक्षा ती कितीतरी अधिक गरम असतात. अशा घरात बाळाला थंडी बाधण्यापेक्षा त्याच्या अंगावर नको तितकी ऊब चढण्याचाच धोका अधिक असतो. आणि अतिरिक्त उष्णता ही झोपेत होणाऱ्या आकस्मिक अर्भकमृत्यूच्या कारणांशी निगडित आहे, हे बालरोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षे बजावून सांगत आले आहेत. आपण स्वतः घरात जितके कपडे घातले असतील त्याहून फार तर एक थर बाळाला अधिक असावा; आणि त्याला गरम होते की गार वाटते हे पाहावयाचे तर हातापायांना नव्हे, छातीला किंवा मानेच्या मागच्या बाजूला हात लावून पाहावे, कारण नवजात बालकाचे हातपाय निरोगी अवस्थेतही थंड लागतात. तेव्हा विणावयाचे ते जाड व एकच असे नव्हे, तर पातळ, समोरून उघडणारे आणि क्षणात काढता-घालता येणारे असे विणावे.

लोकरीची निवड हा पहिला प्रश्न. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मऊ असते व बाळाच्या कातडीला ती टोचत नाही. शिवाय लोकरीच्या तंतूंत स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही ओलसर न लागण्याचा जो गुण आहे, तो कृत्रिम धाग्यात नाही. मात्र साधी लोकर गरम पाण्यात व घुसळणीत आळून घट्ट नमद्यासारखी होते, आणि बाळंतिणीच्या घरी दिवसाकाठी कपड्यांचा जो ढीग साठतो तो हातांनी, कोमट पाण्यात, न पिळता धुण्याइतकी सवड कोणालाच नसते. म्हणून यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर, जी तेथे सुपरवॉश या नावाने मिळते, तीच घ्यावी. अंगोरा व मोहेर यांचे केस सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात, यास्तव ती सुंदर दिसली तरी वर्ज्य समजावी. लोकर घेताना वेष्टनावर छापलेला रंगाच्या लॉटचा क्रमांक सर्व गुंड्यांवर एकच आहे की नाही हे पाहावे, आणि अंदाजापेक्षा एक गुंडा जास्तच घ्यावा. कारण वादळामुळे दोन दिवस दुकाने बंद राहिली आणि बाहीच्या मध्यावर लोकर संपली, तर नंतर आणलेल्या दुसऱ्या लॉटमधील रंगाची छटा जुळेलच अशी खात्री नसते. रंगांविषयी एवढेच सांगतो की, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात विणावयाचे असेल तर गडद निळा, काळा अथवा तपकिरी रंग टाळावा. त्यावर टाके दिसत नाहीत व डोळ्यांना ताण पडतो.

मापाच्या बाबतीत जी चूक पुष्कळजणींच्या हातून होते ती ऋतूचा हिशेब न करण्याची होय. जानेवारीत जन्मणाऱ्या बाळासाठी कोणी हौसेने सहा महिन्यांच्या मापाचा लोकरी स्वेटर विणला, तर तो बाळाच्या अंगाला बरोबर बसेल तेव्हा जुलै महिना चालू असेल, आणि टोरोंटोचा जुलै तीस अंशांपर्यंत तापणारा असतो. साहजिकच ते सुंदर वस्त्र एकदाही अंगावर न चढता कपाटात पडून राहील. म्हणून जन्मवेळचे एखादे छोटे जाकीट, त्यानंतर तीन महिन्यांच्या मापाचे दुसरे, आणि मग एकदम पुढल्या हिवाळ्यासाठी वर्षाच्या मापाचे तिसरे, असा क्रम धरावा. नवजात बाळाच्या छातीचा घेर साधारण तेहतीस-चौतीस सेंटीमीटर असतो. विणलेले जाकीट त्याहून आठ-दहा सेंटीमीटर सैल असावे, म्हणजे आत सुती झबले घालूनही हात सहज बाहीत जातात. तीन महिन्यांपर्यंतच्या जाकिटास चार पदरी लोकर दीडशे ग्रॅमच्या आत पुरते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ज्यांनी शाळेत असताना मफलर विणला होता व त्यानंतर सुया हाती धरल्या नाहीत, त्यांनी टोपीपासून आरंभ करावा, कारण ती दोन-तीन बैठकींत पुरी होते आणि पुरी झालेली वस्तू पाहून जो हुरूप येतो त्याची या दिवसांत मोठीच आवश्यकता असते. चार पदरी लोकर व सव्वातीन मिलिमीटरची सुई, जिला जुन्या मापात दहा नंबर म्हणत, घेऊन प्रथम चौरस नमुना विणावा. तुमच्या हातांनी दहा सेंटीमीटरात अठ्ठावीस टाके बसत असतील तर पुढील कृती जशीच्या तशी चालेल. अधिक बसत असतील तर जाड आणि कमी बसत असतील तर बारीक सुई घ्यावी. नमुना विणण्याचा कंटाळा पुष्कळांना येतो, पण सबंध टोपी उसवण्यापेक्षा तो बरा. नव्वद टाके घालून पहिले तीन सेंटीमीटर एक सुलट एक उलट असे विणावे, म्हणजे काठ ताणला जाऊन पुन्हा आखडतो. पुढे सुलट बाजूने सुलट व उलट बाजूने उलट विणत काठापासून एकूण नऊ सेंटीमीटर उंची झाली की घटवण्यास आरंभ करावा: दोन्ही टोकांचा एकेक टाका शिवणीसाठी सोडून मधल्या अठ्ठ्याऐंशी टाक्यांचे अकरा-अकरा टाक्यांचे आठ भाग कल्पावे, आणि प्रत्येक सुलट ओळीत प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाक्यांचा एक करावा. असे दहा वेळा केले की आठ टाके व शिवणीचे दोन उरतात. त्यांतून लोकर ओवून, घट्ट ओढून, मागची शिवण घालावी. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारणतः पस्तीस सेंटीमीटर असतो व ही टोपी बत्तीसच्या आत भरते, परंतु विणकाम ताणले जात असल्याने ती नेमकी बसते. टोपीला वर गोंडा लावण्याचा मोह आवरावा. तो निघाला की बाळाच्या तोंडात जातो.

टोपीवर हात बसला की जाकिटास हात घालण्यास हरकत नाही. येथे एका विदुषीचे नाव आदराने घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या हिमाच्छादित प्रदेशात आयुष्याचा मोठा भाग घालवलेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) यांनी १९६८ च्या सुमारास अर्भकाचे एक जाकीट रचले, जे विणताना काहीतरी वेडावाकडा तुकडा होत चालला आहे असे वाटते, परंतु शेवटी त्याच्या दोन घड्या घालून खांद्यावर दोन शिवणी मारल्या की बाह्यांसकट संपूर्ण जाकीट सिद्ध होते. त्यात प्रत्येक ओळ सुलटच विणावयाची असल्याने उलट टाक्यांचा त्रास नाही; कापड दुहेरी जाडीचे, लवचीक व दोन्ही बाजूंनी सारखे होते; आणि मोठे माप हवे असेल तर टाके तेवढेच ठेवून केवळ लोकर व सुई जाड घेतली की काम भागते. त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पंचांगवजा पुस्तकात बारा महिन्यांना बारा प्रकारचे विणकाम नेमून दिले असून फेब्रुवारीच्या वाट्याला बाळाचे कपडे दिले आहेत, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. या जाकिटाची कृती कॅनडातील सार्वजनिक ग्रंथालयांत सहज मिळते.

सौंदर्यापेक्षा सुरक्षितता अधिक महत्त्वाची मानावी असे काही प्रसंग विणकामात येतात. जाळीदार नक्षीच्या भोकांत बाळाची बोटे अडकतात. रंगीत नक्षीच्या मागच्या बाजूस जे लांब सुटे धागे राहतात त्यांत तर पायाचे बोट गुंतून रक्तप्रवाह बंद पडण्याचा धोका असतो. तेव्हा पायमोजे व हातमोजे नक्षीवाचून, दाट विणीचे असावेत, आणि घालण्यापूर्वी दर वेळी ते उलटे करून आत एखादा धागा अथवा आईचा केस गुंतलेला नाही ना, हे पाहावे. गळ्याशी बंद अथवा फीत नको. बटणे लावावयाची तर भक्कम दोऱ्याने, अनेक टाके घालून लावावी व दर धुण्यानंतर ओढून पाहावी.

विणणारीच्या शरीराकडेही दुर्लक्ष होता कामा नये. गरोदरपणाच्या उत्तरार्धात अंगावर सूज येते व मनगटातील शीर दाबली जाऊन अंगठा, तर्जनी व मधल्या बोटास मुंग्या येतात अथवा बधिरपणा जाणवतो. तसे झाल्यास सुया लगेच खाली ठेवून हातांना विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांना अथवा सुईणीला सांगावे. लोखंडी सुयांपेक्षा बांबूच्या सुया हलक्या असतात व बोटांना गार लागत नाहीत. त्याचप्रमाणे गर्भवतीच्या पायांतील शिरांत रक्त साकळण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, यास्तव विणकाम कितीही रंगात आले तरी तासाभराने उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्या व पाणी प्यावे. पाठीशी उशी, पायांखाली छोटा स्टूल आणि डाव्या खांद्यावरून पडणारा दिवा, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. आणि हे काम पतीनेही शिकावे, असा आमचा आग्रह आहे. टोपीच्या वर दिलेल्या कृतीत असे काहीही नाही की जे पुरुषाला आठवडाभरात साधू नये, आणि आपल्या हातची टोपी बाळाच्या डोक्यावर पाहण्याचा आनंद त्याच्या वाट्यालाही यावा.

गोधडीविषयी मात्र विशेष खबरदारीने लिहावे लागत आहे. आजीच्या नऊवारीची, आईच्या मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून बाळाच्या आधी ती समुद्रापार पाठवण्याची रीत अत्यंत लोभस आहे, आणि ती मोडावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु बाळ झोपते त्या पाळण्यात वा खाटल्यात गोधडी, दुलई, उशी, मऊ खेळणी यांपैकी काहीही असू नये. गादी सपाट व कठीण असावी, तिच्यावर घट्ट बसणारी चादर असावी, आणि बाळाला सदैव पाठीवरच निजवावे. घरात झोपताना डोक्यावर लोकरी टोपीही नको, कारण बाळाच्या अंगातील जादा उष्णता मोठ्या प्रमाणात डोक्यावाटे बाहेर पडते. ऊब हवी म्हणून सुती स्लीप सॅक, म्हणजे बाह्या नसलेली व पायांकडे मिटलेली झोपेची पिशवी, वापरावी. दुपट्यात गुंडाळण्यास हरकत नाही, पण पाय सरळ ताणून करकचून बांधण्याची आपली जुनी पद्धत खुब्याच्या सांध्यास अपायकारक असल्याने दुपटे कमरेखाली सैल ठेवावे, आणि बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे अजिबात बंद करावे. मग गोधडीचा उपयोग काय? जागेपणी बाळाला जमिनीवर पोटावर खेळवावयाचे असते तेव्हा ती खाली अंथरावी, दूध पाजताना आईने मांडीवर घ्यावी, आणि प्रवासात मोटारीतील बाळाच्या आसनात पट्टे बांधून झाल्यावर वरून पांघरावी.

या शेवटच्या गोष्टीत सर्वाधिक घोटाळा होतो. बाहेर उणे दहा अंश तापमान असले की बाळाला फुगीर जाकीट घालून आसनात बसवण्याची इच्छा कोणालाही होईल; परंतु अपघाताच्या धक्क्याने ते जाकीट दबते, पट्टा सैल पडतो आणि बाळ त्यातून निसटते. म्हणून पातळ लोकरी जाकीट घालून, पट्टा घट्ट आवळून, इतका की खांद्याजवळ तो चिमटीत पकडता येऊ नये, मगच वरून गोधडी घालावी. तोंड झाकू नये, आणि मोटार तापली की गोधडी काढावी. एक कायद्याची बाबही ध्यानात असू द्यावी: कॅनडात वापरावयाच्या आसनावर तेथील सरकारमान्य सुरक्षाचिन्ह असावेच लागते, त्यामुळे भारतातून अथवा अमेरिकेतून कोणी प्रेमाने आणलेले आसन तेथे वैध ठरत नाही.

वादळाचा बंदोबस्त थोडक्यात सांगतो. १९९८ च्या जानेवारीत पूर्व ओंटारिओ व क्वेबेक येथे गोठणाऱ्या पावसाने विजेचे मनोरे कोसळले व अनेक कुटुंबे कित्येक आठवडे विजेविना राहिली. २०२२ च्या डिसेंबरात शेजारच्या अमेरिकेतील बफेलो शहरात हिमवादळाने रुग्णवाहिकांनाही रस्ते बंद झाले. असे प्रसंग विरळा असले तरी निदान बहात्तर तास बाहेरच्या मदतीवाचून निभावेल इतकी शिधासामग्री, पिण्याचे पाणी, औषधे, बॅटऱ्या आणि बाळासाठी लागणारे जिन्नस घरात असावेत, असा तेथील सरकारचाच सल्ला आहे. रुग्णालयात न्यावयाची पिशवी व आरोग्यपत्रासह सर्व कागदपत्रे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दाराशी तयार ठेवावीत. मोटारीत इंधन निम्म्याखाली जाऊ देऊ नये. बर्फ काढण्याचे काम शेजाऱ्याकडे अथवा मजुराकडे सोपवावे आणि गर्भवतीने फावड्यास हात लावू नये. दिवस भरत आले असता मोठ्या हिमवर्षावाचा इशारा निघाला, तर कळा सुरू होण्याची वाट न पाहता आधीच सुईणीला किंवा रुग्णालयाला दूरध्वनी करून काय करावे ते विचारून ठेवावे. साध्या शंकांसाठी ओंटारिओत ८११ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध असतो. परंतु रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखीसह दृष्टी अंधुक होणे यांपैकी काहीही झाले तर हवामानाचा विचार न करता तत्काळ सुईणीशी किंवा रुग्णालयाशी संपर्क साधावा, आणि प्राणावर बेतले तर ९११.

भारतातून येणाऱ्या आजींना दोन गोष्टी कळकळीने सांगावयाच्या आहेत. निखाऱ्यांच्या शेगडीची शेक-धुरी आपल्याकडे हवेशीर माजघरात होत असे; कॅनडातील घराच्या खिडक्या हिवाळ्यात घट्ट बंद असतात, आणि अशा घरात निखारे पेटवले तर कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साठून सबंध कुटुंबाचा घात होऊ शकतो. शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने आईलाच द्यावा. त्या वायूचा इशारा देणारे यंत्र घरात चालू आहे, आणि बाहेर साचलेल्या बर्फाने घर तापवणाऱ्या भट्टीच्या धुराची नळी बुजलेली नाही, हे दर वादळानंतर घरातील कोणीतरी पाहून यावे. दुसरे असे की, एक वर्षाच्या आत बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातील जंतूंमुळे अर्भकास गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि काजळात शिसे आढळल्याने तेही डोळ्यांत घालू नये. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेतकूट-भात यांना मात्र कोणाचीही हरकत नाही, आणि ते करून बाळंतिणीला खाऊ घालण्यास आजीइतके योग्य दुसरे माणूस नाही. आईचे दूध पिणाऱ्या बाळाला जन्मापासून ड जीवनसत्त्वाचे ४०० एककांचे थेंब रोज द्यावयाचे असतात. हे काम आजीच्या हवाली करावे, म्हणजे ते चुकणार नाही.

ज्यांच्या घरी आजी येऊ शकत नाही, त्यांनी आपल्या गावातील मराठी मंडळात चौकशी करावी. बहुतेक ठिकाणी विणकाम जाणणारी आणि एखादी दुपार तुमच्याजवळ आनंदाने बसणारी वडीलधारी स्त्री भेटते. सुया सातव्या महिन्यातच हाती घ्या, एक टोपी व एक जाकीट झाले की पुरे समजा, आणि शेवटच्या पंधरवड्यात विणकाम अर्धे राहिले तरी ते तसेच टोपलीत ठेवून भरपूर झोप घ्या.